टोलनाक्यावरचं उसनं नाव

जिंतूरला रेल्वे नाही. माझ्या लहानपणी नव्हती, आजही नाही. आगगाडी बघायची तर परभणी गाठावी लागायची. मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलानं परभणीच्या स्टेशनवर इंजिन पाहिलं की आठवडाभर तो आम्हाला तेच सांगत बसायचा. साताऱ्यातल्या एका घरातली मुलं १९०१ च्या सुमारास पहिल्यांदा आगगाडी बघायला मिळणार म्हणून कशी हरखून गेली होती, हे पुढे मी वाचलं तेव्हा ती मला आमच्याच गल्लीतली वाटली.

त्या मुलांपैकी एक नऊ वर्षांचा भीमराव होता. बरोबर त्याचा मोठा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची मुलं. त्यांच्या प्रवासाची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाचं ते छोटं टिपण. अस्पृश्यता म्हणजे काय, हे परक्या माणसाला व्याख्येनं कळत नाही, म्हणून त्यांनी आपले आणि इतरांचे काही अनुभव त्यात मांडले. त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्याची पुस्तिका काढली. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतल्या बाराव्या खंडात वसंत मून यांनी ते घेतलं.

या प्रवासावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. व्याख्यानांतही तो नेहमी येतो. पण त्यातल्या दोन गोष्टींकडे आपलं लक्ष कमी जातं. एक म्हणजे तो मोठा भाऊ. दुसरी, त्या रात्री त्या मुलांनी आपलं, म्हणजे मुसलमानांचं, नाव उसनं घेतलं होतं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल आपण मुसलमानांनी तरी बोलायला हवं.

आधी घर समजून घेऊ. रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाले, काही काळ दापोलीला राहिले आणि मग साताऱ्यात आले. भीमरावाची आई वारली होती. बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानं माणसं हजारोंनी मरत होती आणि हातांना काम मिळावं म्हणून सरकारनं ठिकठिकाणी कामं काढली होती. खटाव तालुक्यात असंच एका तलावाचं खोदकाम चालू होतं. तिथे रामजी रोखपाल म्हणून गेले. इंग्रजी टिपणात गावाचं नाव कोरेगाव आहे, मराठी चरित्रांत ते गोरेगाव असं येतं. तालुक्याचं कोरेगाव ते वेगळं.

मागे घरात उरली चार मुलं आणि एक आत्या. आत्या मायाळू होती, पण पायांनी अधू. तिलाच उचलून न्यावं लागे. मुलं शाळेत जायची आणि घरी येऊन स्वतः रांधायची. भाकरी जमत नव्हती, म्हणून तांदळात मटण टाकून पुलाव करायची. त्यांना तोच सोपा वाटे. म्हणजे एकमेकांना सांभाळायची सवय या मुलांना प्रवासात नाही, चुलीपुढेच लागली होती.

पैशांची जबाबदारी असल्यामुळे रामजींना कामाची जागा सोडता येईना. त्यांनी मुलांनाच उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावलं. नवे सदरे, चमचमत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे जोडे अशी तयारी झाली. अंगावर सोन्याचे दागिनेही होते. आत्या रडत होती. दहा मैलांवरच्या स्टेशनापर्यंत टांगा केला. स्टेशनावर मोठ्या भावानं तिकिटं काढली आणि धाकट्यांना खर्चायला दोन-दोन आणे दिले. त्यांनी लगेच लेमोनेडच्या बाटल्या घेतल्या. मजेचा भाग इथे संपतो.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ते मसूरला उतरले. वडील किंवा त्यांचा शिपाई न्यायला येणार होता, तो आला नाही. बाकीचे उतारू निघून गेले. तासाभरानं स्टेशनमास्तरनं चौकशी केली. कपड्यांवरून त्याला ही ब्राह्मणाची मुलं वाटली होती आणि त्यांची कीवही आली होती. तुम्ही कोण, असं त्यानं विचारलं आणि भीमरावानं क्षणाचाही विचार न करता आपण महार असल्याचं सांगून टाकलं. स्टेशनमास्तरचा चेहराच बदलला. तो आपल्या खोलीत निघून गेला.

अर्ध्या तासानं तो परत आला, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या पुष्कळ होत्या, पण बातमी गाडीवाल्यांपर्यंत पोचली होती. दुप्पट भाडं देऊ केलं तरी कुणी तयार होईना. शेवटी स्टेशनमास्तरनंच तोड काढली. मुलांनी गाडी हाकायची, गाडीवाल्यानं बाजूनं पायी चालायचं आणि भाडं दुप्पट घ्यायचं. एक गाडीवाला कबूल झाला. त्याचा पैसाही बुडाला नाही आणि विटाळही झाला नाही.

ही तोड वाचून मी थोडा वेळ थांबलो. कारण याच टिपणात पुढे चाळीसगावची हकीकत आहे. १९२९ साली, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षांनी, बाबासाहेब सरकारनं नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करत फिरत होते. चाळीसगावला उतरल्यावर महारवाड्यात जायला टांगेवाला मिळेना. टांगा द्यायला हरकत नव्हती, पण हाकणार नाही, असं टांगेवाल्यांचं म्हणणं. मग वस्तीतल्याच एकानं लगाम धरला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. मोरीवर टांगा आदळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. मसूरची तोड तिथे पुन्हा निघाली होती. मधल्या काळात तो मुलगा कोलंबियाला आणि लंडनला शिकून आला होता, बॅरिस्टर झाला होता. टांगेवाल्याच्या लेखी त्यात काही फरक पडला नव्हता.

आता मसूरच्या मुलांकडे परत येऊ. साडेसहाच्या सुमारास गाडी निघाली. तीन तासांत पोचू, असं गाडीवाला म्हणाला होता. थोड्याच अंतरावर कोरडी नदी लागली. इथे जेवून घ्या, पुढे पाणी मिळणार नाही, असं सांगून तो भाड्यातले काही पैसे मागून गावात जेवायला गेला. ते पैसे मोठ्या भावानं दिले. मुलांनी डबा उघडला. आत्यानं शेजारणींकडून चांगलंचुंगलं करवून घेतलं होतं. पण नदीतल्या डबक्याचं पाणी गुराढोरांच्या शेणामुतानं इतकं घाण झालं होतं की तोंडाला लावता येईना. जेवण अर्धवट टाकावं लागलं.

पुढे अंधार पडला. चार-पाच मैलांनंतर गाडीवाला अचानक गाडीत चढून बसला आणि कासरा त्यानं स्वतःच्या हातात घेतला. विटाळाचं काय झालं, हे विचारायची मुलांची हिंमत झाली नाही. तीन तास उलटले, गावाचा पत्ता नाही. रस्त्यावर माणूस नाही, जनावर नाही. अंगावर सोनं होतं. हा आपल्याला आडबाजूला नेऊन मारणार, अशी शंका आली. रात्री दहाच्या सुमारास मुलं रडायला लागली आणि गाडीवाल्याला शिव्याही द्यायला लागली. मग दूरवर एक दिवा दिसला. तो टोलनाक्याचा होता. तिथे पोचेपर्यंत मध्यरात्र झाली.

टोलनाका डोंगराच्या पायथ्याशी होता आणि तिथे बऱ्याच गाड्या मुक्कामाला होत्या. मुलांकडे खायला होतं, पाणी नव्हतं. गाडीवाल्यानं सल्ला दिला की टोलवाला हिंदू आहे, खरं सांगाल तर पाणी मिळायचं नाही, मुसलमान आहोत म्हणून सांगून बघा. भीमराव गेला. कोण म्हणून विचारल्यावर त्यानं मुसलमान असल्याचं सांगितलं. संशय राहू नये म्हणून उर्दूत बोलला. उर्दू त्याला उत्तम येत होती. तरीही पाणी मिळालं नाही. तुमच्यासाठी इथे कुणी पाणी भरून ठेवलेलं नाही, डोंगरावर आहे, हवं तर जाऊन आणा, अशा अर्थाचं तुटक उत्तर देऊन टोलवाल्यानं त्याला वाटेला लावलं.

संध्याकाळी मसूरला जो मुलगा विचार न करता खरं बोलून गेला होता, त्याला मध्यरात्रीपर्यंत खोटं बोलावं लागलं. सहा-सात तासांत तो एवढं शिकला.

आणि जे नाव त्यानं घेतलं, ते आपलं होतं. गाडीवाल्याच्या डोक्यात पाण्याची एक उतरंड होती आणि तीत मुसलमान महाराच्या वर होता. टोलवाल्यानं मात्र मुसलमानालाही हाकललं. तो काळ असा होता की पुढे कित्येक वर्षं रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी वेगळं आणि मुसलमान पाणी वेगळं मिळायचं. तहानेची पाटी कुठेच नव्हती. आपल्याला स्वतंत्र पाटी मिळाली होती, हेच काय ते आपलं वरचढपण. ज्याच्या नावाची पाटीच नव्हती त्याचं काय, हा प्रश्न आपल्या बाजूनंही फारसा कुणी विचारला नाही.

भीमरावानं गाडीकडे येऊन ते उत्तर मोठ्या भावाला सांगितलं. भावाला काय वाटलं, हे आपल्याला कळलं नाही, असं बाबासाहेब लिहितात. त्यानं फक्त सगळ्यांना आडवं व्हायला सांगितलं. बैल सोडलेले, गाडी जमिनीकडे कललेली, तिच्या फळ्यांवर अंथरुण घातलेलं. अन्न जवळ असून मुलं उपाशी झोपली. मग तो म्हणाला की चौघांनी एकदम झोपणं बरं नाही. दोघांनी झोपायचं, दोघांनी जागायचं. ती रात्र त्यांनी तशी काढली.

मला हा भाग सगळ्यांत मोठा वाटतो. बाबासाहेबांनी या भावाचं नावही लिहिलेलं नाही. टिपणात तो भाषण करत नाही, रागावत नाही, धीराचे शब्दही बोलत नाही. तिकिटं काढतो, दोन आणे देतो, गाडीवाल्याचे पैसे चुकवतो आणि पहारे लावतो. मोठी माणसं त्या रात्री एकेक करून निकामी ठरली होती. स्टेशनमास्तरची दया जात कळेपर्यंतच टिकली. गाडीवाला भाडं दुप्पट घेऊन पायी चालला. टोलवाल्यानं पाणी नाकारलं. धर्माचं उसनं नावही उपयोगी पडलं नाही. कामाला आलं ते एवढंच की एक मुलगा दुसऱ्यासाठी जागा राहिला. पहाटे पाचला गाडीवाला निघू या म्हणाला, तेव्हा मुलांनी आठशिवाय हलणार नाही म्हणून ठाम सांगितलं. रात्री रडणारी तीच मुलं. उजाडल्याशिवाय त्या माणसाबरोबर जायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. आठला निघून अकराला ती पोचली. वडिलांना बघून आश्चर्य वाटलं. मुलांचं पत्र आलं होतं, पण शिपायानं ते त्यांना दिलंच नव्हतं.

आपल्याकडे मोहरममध्ये सबील लावतात. करबलाच्या मैदानात, हिजरी ६१ मध्ये, फुरात नदी समोर वाहत असताना इमाम हुसैन यांच्या काफिल्यातल्या लेकरांना पाणी मिळू दिलं नाही, त्याची ती आठवण. तोही एक बिघडलेला प्रवास होता आणि त्यातही एका घराण्यातली मुलं एकमेकांच्या आधारानं होती. आपल्या जिल्ह्यात सबीलवर सगळ्या जातीधर्माचे लोक पाणी, सरबत पितात. तिथे कुणी तू कोण म्हणून विचारत नाही. मसूरची गोष्ट वाचताना मुसलमान वाचकाला करबला आठवते, ते यामुळेच. पण आठवून डोळे पुसले की काम संपत नाही.

कारण या टिपणात दौलताबादही आहे. साल १९३४. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी, सुमारे तीस जण, नाशिकहून येवल्यामार्गे वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. निजामाचं राज्य, म्हणजे आमच्या जिंतूरचंही तेव्हाचं राज्य. महिना रमजानचा. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं काठोकाठ भरलेलं टाकं होतं. धुळीनं माखलेल्या मंडळींपैकी काहींनी त्या पाण्यानं तोंड, पाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी टाकं बाटवलं. बघता बघता जमाव जमला, जातीवरून शिव्या सुरू झाल्या. गावातल्या दलितांवर राग निघाला की तुम्ही या पाहुण्यांना सांगितलं का नाही. दंगा व्हायचाच बाकी होता. एक तरुण ज्यानं-त्यानं आपापल्या धर्मानं वागावं असं म्हणत राहिला, तेव्हा बाबासाहेबांनी चिडून त्याला विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या हा माणूस मुसलमान झाला तर त्याला तुम्ही पाणी नाकाराल का. जमाव गप्प झाला. शेवटी आत सोडलं, ते किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन.

रोजेदारांना तहान म्हणजे काय हे इतर कुणापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्या महिन्यात हे घडलं.

आपण महाडची गोष्ट आवडीनं सांगतो. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानानं आपली जमीन दिली. ते खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण महाडची जमीन आपल्या खात्यात जमा धरायची आणि दौलताबादचं टाकं दुसऱ्या कुणाच्या तरी नावे टाकायचं, हा हिशेब चालणार नाही. १९०१ च्याच जनगणनेच्या बंगालच्या अहवालात मुसलमानांमधल्या अश्रफ, अजलफ आणि अरझल या पायऱ्या नोंदलेल्या आहेत. अगदी तळाच्या अरझलांना इतर मुसलमान मशिदीत आणि सार्वजनिक कब्रस्तानात येऊ देत नसत, असंही त्यात आहे. बाबासाहेबांनी पुढे पाकिस्तानवरच्या ग्रंथात ही नोंद उद्धृत केली. म्हणजे एक मुलगा टोलनाक्यावर पाण्यासाठी आपलं नाव सांगत होता, तेव्हा आपल्यातल्याच काहींना आपण दाराबाहेर ठेवलं होतं.

आता घरचं सांगतो, कारण त्याशिवाय वरचं लिहिण्याचा मला हक्क नाही.

आमच्या जिंतूरच्या घरात कोनाड्यात एक जर्मनचा पेला पालथा ठेवलेला असायचा. लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईसाठी. ती तो स्वतः उचलायची, दादी वरून पाणी ओतायची, बाई पेला विसळून पुन्हा पालथा ठेवायची. मोहरममध्ये दारापुढे सबील लावणारी हीच दादी. दोन्ही गोष्टी ती एकाच श्रद्धेनं करायची आणि घरातल्या कुणालाही त्यात विसंगती दिसत नव्हती.

१९७९ चा उन्हाळा. आदल्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. त्यातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं, मी आठ वर्षांचा होतो. परभणीला लग्न होतं. परतताना मोठी माणसं आधीच्या गाडीनं निघून गेली आणि आम्ही तिघं एका ओळखीच्या माणसाच्या टेम्पोत भांड्यांबरोबर बसलो. चुलतभाऊ चौदाचा, आपा अकराची आणि मी. बोरी मागे टाकल्यावर टेम्पो बंद पडला. ड्रायव्हर मिस्त्री आणायला बोरीकडे गेला आणि परत येईना. अंधार पडला. बरोबर लग्नातला जर्दा होता, पाणी नव्हतं. गोड खाऊन माझा घसा वाळला आणि मी रडायला लागलो.

भाईजाननं आम्हाला दोघांना मधे घेतलं आणि रस्त्यापासून आत दिसणाऱ्या दिव्याकडे चालायला लागला. चार-सहा घरं होती. पहिल्याच घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्यापुढे चिमणी. फोटो कुणाचा, ते मला नंतर कळलं. भाईजानला त्याच क्षणी कळलं असणार, कारण तो दारातच थबकला. बाईनं आमच्याकडे पाहिलं आणि तांब्या पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, “कुठली लेकरं रे?” आधी पाणी, मग प्रश्न. जिंतूरची म्हटल्यावर तिनं आम्हाला ओट्यावर बसवलं आणि तिचा मुलगा कंदील घेऊन आमच्यासाठी रस्त्यावर उभा राहिला. त्या घरानं आदल्या पावसाळ्यात काय भोगलं असेल किंवा कशाची धास्ती घेतली असेल, याचा विचार मी खूप उशिरा केला. रात्री अनोळखी माणसं दाराशी आल्यावर तिला भीती वाटायला हवी होती.

टेम्पो सुरू झाला, आम्ही परत चढलो. जिंतूर जवळ आल्यावर भाईजान हळूच म्हणाला, “वो पानी का घर में नक्को बोलना.” आपानं मान हलवली. मीही हलवली. मी आठ वर्षांचा होतो, पण का म्हणून विचारलं नाही. कोनाड्यातला पेला मी रोज पाहत होतो. नऊ वर्षांचा भीमराव मसूरला एका रात्रीत जे शिकला, ते मी दुसऱ्या बाजूनं, घरबसल्या शिकलो होतो.

दादीला आम्ही कधीच सांगितलं नाही. ती गेली. घर पाडून नवं बांधलं, तेव्हा कोनाडा गेला. पेल्याचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

हा लेख लिहायच्या आधी मी भाईजानला फोन केला. आता तो नातवंडांचा आजोबा आहे. त्या रात्रीचं काय आठवतं, विचारलं. तो म्हणाला, “तुम दोनों को गिनता था मैं. बार बार. दोच थे, फिर भी गिनता था.” मग मी नक्को बोलना ची आठवण करून दिली. तो बराच वेळ गप्प राहिला. मला वाटलं, फोन कटला.

“लिख दे अब,” तो म्हणाला.